अँटीसीझ: कोणतं घ्यायचं, कसं लावायचं आणि कुठे अजिबात लावायचं नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा गॅरेजमधल्या ठोकाठोकीत इअरफोन लावूनही ज्यांना काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, आकडे तेवढे नीट मांडून दिलेत.

आजचा विषय एका छोट्या डब्याचा आहे. झाकणाला आतून ब्रश असतो आणि डब्यात चंदेरी किंवा तांबूस रंगाचा घट्ट लेप. बोटाला एकदा लागला की मग बाहीला, कपाळाला, मोबाइलच्या स्क्रीनला, सगळीकडे दिसतो. नाव आहे अँटीसीझ. नट-बोल्ट जाम होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा लेप, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण तो कोणत्या प्रकारचा घ्यायचा, किती लावायचा आणि मुख्य म्हणजे कुठे लावायचा नाही, इथे चांगले चांगले मिस्त्रीसुद्धा अंदाजाने काम करतात.

मला आज सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. हा लेप लावला की बोल्ट आवळायचं गणित बदलतं. ते ज्याला कळलं त्याच्यासाठी हा डबा म्हणजे वरदान. ज्याला नाही कळलं, तो न गंजलेला बोल्ट स्वतःच्या हाताने तोडून बसतो. चला, मुळापासून घेऊ.

नट जाम होतो म्हणजे नक्की काय होतं?

कारणं तीन आहेत आणि तिन्ही वेगळी आहेत.

पहिलं कारण गंज. लोखंड गंजलं की तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या मधली जागा तर केसाएवढी. तिथे गंज फुगला की नट आतून आवळल्यासारखा होतो. पावसाळ्यात बाइकचा मागचा एक्सल निघत नाही, त्याचं कारण हेच. आणि तुम्ही अलिबाग, रत्नागिरी, मालवण अशा किनाऱ्यावर राहत असाल, तर तुम्हाला हे मी सांगायला नको. खारी हवा बोल्टला बारा महिने खात असते.

दुसरं कारण दोन वेगळे धातू. पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवलाय आणि मध्ये ओलावा शिरलाय, तर तिथे एक बारकी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. बाइकचं इंजिन हेड ॲल्युमिनियमचं, त्यातले सायलेन्सरचे स्टड पोलादाचे. वरून उष्णता. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. रोज तापणं, रोज निवणं. काही वर्षांनी तो स्टड निघताना अर्धा हातात आणि अर्धा हेडमध्ये.

तिसरं कारण फार लोकांना माहीत नसतं. स्टेनलेस स्टीलचा कोराकरकरीत बोल्ट, कोराच नट, गंजाचा ठिपका नाही, आणि तरी आवळता आवळता मध्येच जाम! ना पुढे जात, ना मागे येत. याला इंग्रजीत गॉलिंग म्हणतात. स्टेनलेसच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळेच ते गंजत नाही. आवळताना दाबाखाली आटे एकमेकांवर घासतात, हा थर खरवडला जातो, खालचा उघडा धातू समोरच्या उघड्या धातूला भिडतो आणि दोघं थंडपणीच एकमेकांना वेल्ड होतात. मग कटर लावल्याशिवाय सुटका नाही. गच्चीवरच्या सोलर पॅनेलचे सांगाडे, डेअरीतल्या पाइपलाइन, हॉटेलच्या किचनमधली यंत्रं, जिथे जिथे स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं जातं, तिथे हा प्रकार भेटतो.

डब्यात असतं काय?

दोन गोष्टी. एक म्हणजे ग्रीस किंवा तेल, आणि दुसरी म्हणजे त्यात मिसळलेली घन पदार्थाची बारीक पूड. पूड तांब्याची, निकेलची, ॲल्युमिनियमची, ग्रॅफाइटची, मॉलिब्डेनम डायसल्फाइडची किंवा सिरॅमिकची असू शकते. बऱ्याच डब्यांत दोन-तीन एकत्र असतात.

ग्रीसचं काम पूड जागेवर नेऊन बसवणं आणि पाणी बाहेर ठेवणं. जिथे खूप तापतं तिथे ते ग्रीस जळून उडून जातं. मागे उरते ती पूड. ती आट्यांच्या मध्ये पातळ पडद्यासारखी बसून राहते आणि धातूला धातू भिडू देत नाही. म्हणून सायलेन्सरच्या स्टडला साधं ग्रीस लावून उपयोग नाही. ते जळालं की मागे काहीच उरत नाही, उरली तर काजळी.

पण याचा उलटा अर्थही घ्या. जिथे तापत नाही, तिथे चांगलं पाण्यात टिकणारं ग्रीससुद्धा बरंच काम करतं. प्रत्येक बोल्टला महागडा लेप लागतोच असं नाही.

मग कोणता डबा घ्यायचा?

दुकानदाराला "अँटीसीझ द्या" म्हटलं की तो समोर असेल तो डबा देतो. तुम्ही दोन प्रश्न स्वतःला विचारा. किती तापणार? आणि कोणता धातू कोणत्या धातूत बसणार?

तांब्याचा लेप: तांबूस रंगाचा, सगळ्यात जास्त दिसणारा. डब्यावर साधारण 980 अंश सेल्सिअसपर्यंत असा आकडा असतो. पोलादावर पोलाद आणि भरपूर उष्णता असेल तर उत्तम. सायलेन्सरचे जोड, मॅनिफोल्डचे नट, बॉयलरचे फ्लँज. मात्र ॲल्युमिनियमजवळ, विशेषतः जिथे पाणी आणि मीठ पोचतं तिथे, तांबं टाळा. तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं ओलाव्यात अजिबात पटत नाही, आणि झिजतं ते ॲल्युमिनियमच.

ॲल्युमिनियमचा लेप: चंदेरी रंगाचा, सर्वसाधारण वापराचा. मर्यादा साधारण 870 अंश. गॅरेजमध्ये एकच डबा ठेवायचा असेल तर बहुतेक लोक हाच ठेवतात, आणि ते चूक नाही.

निकेलचा लेप: हाही करड्या-चंदेरी रंगाचा, पण महाग. मर्यादा 1300 अंशांच्या आसपास. स्टेनलेस स्टीलसाठी हा हक्काचा. रासायनिक कारखान्यात, जिथे तांबं चालत नाही, तिथेही हाच. निकेलची काहींना त्वचेची ॲलर्जी असते आणि त्याची पूड श्वासात जाणं चांगलं नाही, तेव्हा हातमोजे घाला. जुना वाळलेला लेप ग्राइंडरने किंवा फिरत्या ब्रशने उडवत असाल तर मास्कही लावा.

धातूविरहित किंवा सिरॅमिक लेप: पांढरा किंवा फिकट करडा. वेगळ्या धातूंच्या जोडात, ब्रेकच्या आसपास, सेन्सरच्या आसपास हा बरा, कारण यात वीज वाहून नेणारी किंवा दुसऱ्या धातूशी भांडणारी पूड नसते.

मॉली, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड: काळपट, अतिशय निसरडा. दाब खूप आणि उष्णता बेताची असेल तिथे हा छान. हवेत साधारण 350 ते 400 अंशांच्या वर गेला की तो टिकत नाही. तेव्हा सायलेन्सरसाठी नाही.

एक सूचना. रंगावरून प्रकार ठरवू नका. चंदेरी डब्यात ॲल्युमिनियम आहे की निकेल, हे डोळ्यांना कळत नाही. डब्यावरचं लेबल वाचा. लेबल फाटलेला, कोणी तरी दिलेला अर्धा डबा असेल, तर तो गेटच्या बिजागरीच्या बोल्टला वापरा. इंजिनाला नको.

टॉर्कचं गणित, जे आज लक्षात ठेवायचंच

आता मुद्द्याचं. इथे ऐकताना बऱ्याच जणांनी मागे जाऊन पुन्हा ऐकलं असेल, म्हणून नीट लिहितो.

आपण पाना फिरवतो तेव्हा आपली सगळी ताकद बोल्ट ताणण्यात जात नाही. ढोबळ मानाने 100 पैकी 50 भाग नटाच्या किंवा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 भाग आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम 10 भाग खरोखर बोल्ट ताणून दोन भाग एकमेकांवर दाबण्यात. म्हणजे टॉर्क रेंचवरचा आकडा हा बहुतांशी घर्षणाचा आकडा आहे. लेप लावून तुम्ही घर्षण कमी केलंत आणि आकडा तोच ठेवलात, तर वाचलेली ताकद कुठे जाणार? बोल्ट ताणण्यात.

एक उदाहरण करून बघू. सूत्र साधं आहे: टॉर्क म्हणजे घर्षणाचा गुणांक, गुणिले बोल्टचा व्यास, गुणिले ताण. बोल्ट घेऊ 10 मिलिमीटरचा, म्हणजे एम10, डोक्यावर 8.8 लिहिलेला. कोरड्या, साध्या पोलादी बोल्टसाठी हा गुणांक साधारण 0.20 धरतात. टॉर्क दिला 48 न्यूटन मीटर. ताण येतो 24 किलोन्यूटन. म्हणजे साधारण अडीच टन वजन त्या बोल्टला लटकवल्यासारखं. ठीक आहे, बोल्ट तेवढं आरामात पेलतो.

आता त्याच बोल्टला अँटीसीझ लावलं. गुणांक खाली येऊन 0.14 झाला असं समजा. टॉर्क तोच, 48. ताण येतो 34.3 किलोन्यूटन. आणि या बोल्टची सुरक्षित ताण मर्यादा किती? एम10 बोल्टचं ताण घेणारं क्षेत्रफळ 58 चौरस मिलिमीटर, 8.8 दर्जासाठी मर्यादा दर चौरस मिलिमीटरला 580 न्यूटन. गुणाकार केला की 33.6 किलोन्यूटन. म्हणजे तुम्ही मॅन्युअलमधला आकडा अगदी प्रामाणिकपणे पाळलात, टॉर्क रेंचने 'टिक' आवाज येईपर्यंतच आवळलंत, आणि तरीही बोल्ट मर्यादेपलीकडे ताणलात!

तोच 24 किलोन्यूटनचा ताण हवा असेल, तर लेप लावल्यावर टॉर्क हवा 33.6 न्यूटन मीटर. म्हणजे 30 टक्के कमी. हा 30 टक्क्यांचा आकडा सगळीकडे चिकटवू नका, बरं का. प्रत्येक लेपाचा गुणांक वेगळा असतो, आणि तो चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. तो बघा आणि वरचं गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करा. एक मिनिटाचं काम आहे.

आणि मॅन्युअलमध्ये आधी हे बघा की आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलाय की तेल लावलेल्या. काही बोल्टना निर्माताच तेल किंवा मॉली लावायला सांगतो. तिथे त्याने गणित आधीच केलेलं असतं, तुम्ही पुन्हा कमी करायचं नाही.

लावायचं कसं?

आधी आटे साफ करा. तारेच्या ब्रशने गंज, जुना लेप, माती काढा, ब्रेक क्लीनर मारून फडक्याने पुसा. घाणीवर लेप लावणं म्हणजे न धुतलेल्या डोक्याला तेल लावण्यासारखं.

डबा उघडल्यावर ढवळा. पूड जड असते, ती तळाशी बसते. न ढवळता वरचं वरचं लावलंत तर तुम्ही नुसतं तेल लावताय.

लेप पातळ. आट्यांच्या खाचा भरल्या आणि वरची कड पुसटशी दिसतेय, एवढा पुरे. बोल्ट न्हाऊ घालायचा नाहीये. जिथे भोक आरपार नाही, तळ बंद आहे, तिथे तर जास्तीचा लेप घातक. बोल्ट पिस्टनसारखा खाली येतो, लेपाला जायला वाट नसते, आणि त्या दाबाने ॲल्युमिनियमच्या ओतीव भागाला तडासुद्धा जाऊ शकतो.

बोल्टच्या डोक्याखाली लेप लावायचा की नाही, हे एकदा ठरवा आणि सगळ्या बोल्टना तसंच करा. आत्ताच पाहिलं, अर्धं घर्षण तिथेच असतं. चारपैकी दोन बोल्टना डोक्याखाली लेप आणि दोघांना नाही, तर चारही बोल्टचा ताण वेगळा. तिथून गॅस्केट गळणारच.

स्टेनलेससाठी आणखी एक गोष्ट. लेप लावा आणि हाताने, सावकाश आवळा. इम्पॅक्ट गन नको. वेगात आटे तापतात आणि चिकटतात. बोल्ट ए2 दर्जाचा आणि नट ए4 दर्जाचा घेतला तरी चिकटायचं प्रमाण कमी होतं. आवळताना नट अचानक जड वाटला तर थांबा. "अजून थोडा जोर लावतो" म्हणालात की संपलं.

बाइक, कार, सायकल: जागा कोणत्या?

सायलेन्सरचे नट आणि स्टड: हो, जरूर. तांबं किंवा निकेल. हेडमध्ये जाणाऱ्या बाजूला ॲल्युमिनियम आहे हे लक्षात ठेवून तिथे निकेल किंवा सिरॅमिक जास्त बरं.

बाइकचा एक्सल: आत जाणाऱ्या सरळ दांड्याला पातळ थर, किंवा साधं वॉटरप्रूफ ग्रीसही चालेल. नटाच्या आट्यांना मात्र मॅन्युअल म्हणेल ते.

अलॉय व्हील: चाकाचा मधला भाग हबवर चिकटतो, मग रस्त्यात पंक्चर झालं की लाथा मारत बसावं लागतं. हबच्या मधल्या गोल कडेवर बोटभर पातळ थर पुरतो. चाकाच्या नटांना आणि स्टडना नाही. त्यांचा टॉर्क बहुतेक गाड्यांत कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो, आणि तिथे स्टड ताणला गेला तर प्रश्न नटाचा राहत नाही, गाडीतल्या माणसांचा होतो.

स्पार्क प्लग: इथे खूप वाद होतात. आजच्या बऱ्याच प्लगच्या आट्यांना आधीच चमकदार मुलामा दिलेला असतो, तोच त्यांचा अँटीसीझ. एनजीकेसारखी प्लग बनवणारी कंपनीच सांगते की आमच्या अशा प्लगना वेगळा लेप लावू नका, कारण त्याने जास्त आवळलं जातं. ॲल्युमिनियम हेडमध्ये 10 मिलिमीटरच्या प्लगला 10 ते 12 न्यूटन मीटर एवढाच टॉर्क लागतो. म्हणजे मनगटाचा हलका झटका. त्यात लेपाने भर घातली की हेडचे आटे गेले, आणि मग हेलिकॉइल बसवायचा खर्च. मुलामा नसलेला काळसर प्लग असेल आणि निर्माता परवानगी देत असेल, तर आट्यांच्या मधोमध अगदी टिकलीएवढा लेप. टोकाकडचे दोन आटे कोरडे. इलेक्ट्रोडवर आणि पांढऱ्या चिनी मातीवर एक थेंब नाही, कारण धातूची पूड वीज वाहून नेते. आणि प्लग काढताना इंजिन थंड होऊ द्या.

ऑक्सिजन सेन्सर: नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा कंपनीनेच लेप लावलेला असतो. वरून पुन्हा नको. टोकाला तर कधीच नाही.

सायकल: पुण्यात काय, आता तालुक्याच्या गावातही चांगल्या सायकली आहेत. पॅडलची दांडी पोलादाची, क्रँक ॲल्युमिनियमचा, तेव्हा तिथे लेप लावाच. डावं पॅडल उलट आट्यांचं असतं, ते विसरू नका. धातूच्या फ्रेममध्ये धातूचा सीटपोस्ट असेल तर लेप लावा. फ्रेम किंवा सीटपोस्ट कार्बनचा असेल तर अँटीसीझ नाही, त्यासाठी वेगळी कार्बन पेस्ट मिळते, जी पकड वाढवते.

आणि इथे अजिबात नाही

ब्रेक डिस्क आणि पॅडचा घासणारा भाग. सांगायची गरज नसावी, पण सांगतो. ब्रेकच्या सरकणाऱ्या पिनांनाही हा लेप नाही. तिथे रबराची बुटं असतात, खनिज तेलाने रबर फुगतं आणि पिना अडकतात. तिथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस.

बेअरिंग. अँटीसीझ म्हणजे बेअरिंगचं ग्रीस नव्हे. त्यातली पूड फिरत्या गोळ्यांना घासून खाईल.

थ्रेडलॉकर लावायचा बोल्ट. एक लेप बोल्ट सुटू नये म्हणून, दुसरा सहज सुटावा म्हणून. दोन्ही एकत्र लावणं म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबणं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑक्सिजन. गॅस वेल्डिंगचं ऑक्सिजन सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर, त्याचे जोड, किंवा दवाखान्यातली ऑक्सिजनची लाइन. तिथे अँटीसीझ नाही, ग्रीस नाही, तेल नाही, तेलकट हातमोजासुद्धा नाही. जास्त दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आणि ग्रीस ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं, आणि रेग्युलेटर तुमच्या चेहऱ्यासमोर असतो. रेग्युलेटरचा नट जड जातोय म्हणून चांगल्या हेतूने थोडं ग्रीस लावणारा नवा पोरगा प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो. आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेले जे कोणी हे वाचताय, तुमच्या शेजारच्याला आजच सांगा. जड जाणारा नट बदला, पण कोरडा ठेवा.

जाता जाता

आपल्याकडे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की यंत्रं उघडतात, दुरुस्ती होते आणि पुन्हा बंद होतात. या वर्षी ज्याने बोल्ट आवळला, तोच पुढच्या वर्षी उघडायला असेल असं नाही. बाइकचंही तेच. आज तुम्ही लावलेला बोल्ट तीन वर्षांनी कुठल्या तरी गावातला दुसराच कोणी सोडवणार आहे. त्याच्या हातात तो सरळ फिरला तर तो तुमचं नाव घेणार नाही, कारण त्याला काही जाणवणारच नाही. तुटला तर मात्र तुमचा उद्धार नक्की!

तेव्हा लेबल वाचा, आटे पुसा, पातळ लावा, टॉर्क कमी करा आणि हात पेट्रोलने नाही, साबणाने धुवा. पुढच्या भागात तुटलेला स्टड हेडमधून कसा काढायचा, ते बघू. तोपर्यंत पाना जपून फिरवा. भेटू!